राहिलेली पावले

देवनागरीतल्या सगळ्या अक्षरांत 'ढ' हे अक्षर मोठे हट्टी आहे. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत इतर अक्षरांनी किती रूपे पालटली! कोणाला शेंडी फुटली, कोणाला दंड आला, कोणी तर इतके बदलले की त्यांची जुनी ओळखही पटू नये. पण अशोकाच्या शिलालेखांतला 'ढ' आणि आजच्या अंकलिपीतला 'ढ' शेजारी शेजारी उभे केले, तर सख्खे भाऊ शोभतील. म्हणूनच वर्षे लोटली तरी ज्याच्या डोक्यात काही फरक पडत नाही, अशा मुलाला आपण 'ढ' म्हणू लागलो, असे सांगतात. ही व्युत्पत्ती खरी की खोटी, हे पंडितांनी ठरवावे. मास्तरकी करताना मला मात्र नेहमी वाटत आले आहे, की न बदलणारा तो मुलगा नसतोच. मुलगा वाढतो, त्याला मिसरूड फुटते, तो संसाराला लागतो, चार माणसांत शहाणा ठरतो. बदलत नाही ते त्याला चिकटवलेले अक्षर.

या अक्षराची मला परवा आठवण झाली, ती फ्रेड मर्कल नावाच्या एका अमेरिकन खेळाडूची हकिगत वाचताना. मर्कलचा जन्म २० डिसेंबर १८८८चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉटरटाउनचा. ओहायोतल्या टोलेडो शहरात तो वाढला आणि १९०७ साली न्यूयॉर्कच्या 'जायंट्स' या नामांकित बेसबॉल संघात दाखल झाला. उंचापुरा, अंगाने भक्कम, पहिल्या बेसवर खेळणारा हा पोरगा आपल्याकडे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण अमेरिकेत त्याचे नाव एकेकाळी शिवीसारखे वापरले जात असे. असे काय केले होते त्याने? सामना विकला नव्हता, कोणाला मारले नव्हते. तो फक्त काही पावले कमी धावला होता.

ही पावले कुठली, हे समजण्यापुरता बेसबॉल आपण समजून घेऊ. दिवाळीच्या दिवसांत ते अवघड नाही. ताटातले एक शंकरपाळे उचला. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी आहेत असे समजा, म्हणजे तेच बेस. खालच्या कोपऱ्यावर उभा राहून फलंदाज चेंडू टोलवतो आणि उजवीकडच्या पहिल्या बेसकडे धावत सुटतो. तिथून दुसरा, मग तिसरा, मग परत घरी. एका बेसपासून दुसरा नव्वद फूट. सगळी फेरी पुरी झाली की एक धाव. तीन गडी बाद झाले की पाळी संपते, आणि अशा नऊ पाळ्या खेळतात.

आता यातला एक बारकावा. एका बेसवर दोन धावपटूंनी थांबायचे नसते. पहिल्या बेसवर एकजण उभा असताना मागच्या फलंदाजाने चेंडू टोलवला आणि तो धावत आला, तर आधीच्याने जागा सोडून पुढच्या बेसवर जायलाच हवे. नवा भाडेकरू सामान घेऊन दारात आला की जुन्याने खोली रिकामी करावी, तसेच हे. तो पुढच्या बेसवर पोचण्यापूर्वी समोरच्यांपैकी कोणी चेंडू हातात घेऊन त्या बेसला शिवले, की जुना भाडेकरू बाद. आणि अशा रीतीने बाद झालेला गडी त्या पाळीतला तिसरा असेल, तर तेवढ्यात दुसऱ्या कोणी घरी पोचून काढलेली धावदेखील धरायची नाही.

नियम एवढाच. पण या नियमाने एका माणसाच्या आयुष्यावर कायमची रेघ ओढली.

२३ सप्टेंबर १९०८. न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स मैदान. जायंट्सची गाठ शिकागोच्या 'कब्ज' संघाशी होती. मोसम संपत आलेला आणि अजिंक्यपदासाठी न्यूयॉर्क, शिकागो व पिट्सबर्ग या तिघांत विलक्षण चुरस. त्या दिवशी जायंट्सचा पहिल्या बेसवरचा नेहमीचा खेळाडू फ्रेड टेनी याची पाठ धरली, म्हणून मर्कलला त्याच्या जागी उभे केले. मर्कलला तेव्हा विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. आपल्याकडे या वयाचा मुलगा आईला विचारल्याशिवाय परगावी जात नाही.

शेवटची, नववी पाळी. दोन्हीकडे एकेक धाव. जायंट्सचे दोन गडी बाद झालेले आणि मूस मॅकॉर्मिक पहिल्या बेसवर. अशा अडचणीत मर्कल फलंदाजीला आला आणि त्याने खणखणीत फटका मारला. मॅकॉर्मिक तिसऱ्या बेसवर पोचला, मर्कल पहिल्या. त्या पोराने मोक्याच्या वेळी आपले काम चोख केले होते, हे लक्षात ठेवा. पुढे ते कोणीच लक्षात ठेवले नाही. त्याच्यामागून आला अल ब्रिडवेल. त्यानेही चेंडू मधून सरळ मागच्या मैदानात टोलवला, मॅकॉर्मिक घरी पोचला आणि सामना जिंकला म्हणून लोकांनी एकच जल्लोष केला.

पोलो ग्राउंड्सवर सामना संपला की प्रेक्षक मैदानातूनच बाहेर पडत. खेळाडूंची कपडे बदलण्याची जागाही मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. तेव्हा गर्दीने गाठण्यापूर्वी पळ काढायचा, ही खेळाडूंची रोजची रीत. विजयी धाव झाली की पहिल्या बेसवरचा धावपटू पुढे न जाता सरळ घरची वाट धरी. थोर थोर खेळाडू तसेच करीत आणि पंच तिकडे काणाडोळा करीत. मर्कल दुसऱ्या बेसकडे निघाला होता. लोंढा आत शिरलेला पाहून तो अर्ध्यातून वळला आणि पळाला.

पण कब्जच्या संघात जॉनी एव्हर्स नावाचा एक किडकिडीत, भांडखोर खेळाडू होता. रात्री उशाशी नियमांचे पुस्तक घेऊन झोपणाऱ्यांपैकी, असे त्याच्याविषयी सांगतात. तो दुसऱ्या बेसवर उभा राहून चेंडू मागू लागला. डाव ओळखून जायंट्सच्या जो मॅकगिनिटीने चेंडू पकडला आणि गर्दीत भिरकावून दिला. तरी शेवटी एव्हर्सने कुठून तरी एक चेंडू मिळवून बेसला शिवले. तो चेंडू खेळातला होता की दुसराच, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाले. दोन पंचांपैकी बॉब एम्सलीचे तिकडे लक्षच नव्हते. हँक ओ'डे याने मर्कलला बाद ठरवले. धाव गेली, विजय गेला. हजारो लोक मैदानात आणि अंधार पडत आलेला, म्हणून सामना बरोबरीत सुटल्याचे जाहीर झाले.

याच्या आधी तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये हाच प्रकार घडला होता. तिथेही एव्हर्सने हीच तक्रार केली होती आणि तिथला पंचही हँक ओ'डे हाच होता. त्या दिवशी त्याने तक्रार उडवून लावली. पिट्सबर्गच्या वॉरन गिलने बेसला पाय न लावताच घर गाठले होते, पण ती धाव धरली गेली. तेव्हा गिलचे नाव आज कोणाच्या ओठी नाही. जे दुर्लक्ष गिलला फुकट मिळाले, त्याची किंमत मर्कलने जन्मभर भरली. बाईंनी सोमवारी सगळ्यांना उशिरा येऊ द्यावे आणि मंगळवारी दारात सापडलेल्या एकाच्याच हातावर पट्टी मारावी, त्यातला हा न्याय.

तरीही सगळे निभावले असते. जायंट्सपुढे अजून कितीतरी सामने होते. पण फिलाडेल्फियाचा हॅरी कोव्हलेस्की हा बावीस वर्षांचा नवखा गोलंदाज पाच दिवसांत तीनदा त्यांच्यापुढे आला आणि तिन्ही वेळा त्याने त्यांना हरवले. या तिन्ही पराभवांत मर्कलचा काही संबंध नव्हता. मोसम संपला तेव्हा जायंट्स आणि कब्ज दोघांच्या नावावर ९८ विजय आणि ५५ पराभव होते. राष्ट्रीय लीगचा अध्यक्ष हॅरी पुलियम याने पंचाचा निर्णय उचलून धरला होता, म्हणून बरोबरीचा तो सामना ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवण्यात आला. आजूबाजूच्या टेकडीवर आणि रेल्वेच्या खांबांवरसुद्धा माणसे चढून बसली होती. न्यूयॉर्कचा लाडका गोलंदाज क्रिस्टी मॅथ्यूसन त्या दिवशी थकलेला होता. कब्जने सामना ४–२ असा जिंकला आणि पुढे डेट्रॉइटला हरवून ते जगज्जेते झाले. त्यानंतर कब्जला जगज्जेतेपद मिळाले ते थेट २०१६ साली, म्हणजे १०८ वर्षांनी. काही लोक याला मर्कलचा शाप म्हणतात. शाप द्यावा असा त्याचा स्वभाव नव्हता. पण लोकांना गोष्ट लागते.

आणि न्यूयॉर्कच्या लोकांना तेव्हा एक अपराधी हवा होता. वर्तमानपत्रांनी तो दुसऱ्याच दिवशी मिळवून दिला. 'बोनहेड' म्हणजे डोक्यात मेंदूच्या जागी हाड असलेला, आपल्या भाषेत ठोंब्या. हे विशेषण त्याच्या नावात असे घुसले, की आईबापांनीच ते ठेवले असावे. पुढे तर त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले. कोणी वेंधळेपणा केला, की त्याने 'मर्कल केले' म्हणत.

टोपणनावांचे नशीबही कसे असते पाहा. त्या ८ ऑक्टोबरच्या सामन्यात कब्जला तारणारा गोलंदाज होता मॉर्डेकाय ब्राउन. लहानपणी गुरांची वैरण कापायच्या यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची तर्जनी गेली होती. त्या थोट्या पंजातून सुटलेला चेंडू असा काही वळे, की भले भले फलंदाज चक्रावून जात. लोक त्याला 'तीन बोटांचा ब्राउन' म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत. एकाचे व्यंग त्याचा किताब झाले, दुसऱ्याची चूक त्याचे व्यंग झाली.

आमच्या गावातले एक उदाहरण सांगतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी चौथीच्या वर्गात एका मुलाला विचारले, "शिवाजी महाराजांचा जन्म कुठल्या किल्ल्यावर झाला?" साहेबांची भरघोस मिशी पाहून पोरगा गांगरला आणि म्हणाला, "सिंहगड!" झाले. त्या दिवसापासून तो 'सिंहगड' झाला. आज त्याची पिठाची गिरणी आहे. वजनमापात कधी खोट नाही, गरिबाच्या दळणाला कधी ताटकळत ठेवणे नाही. तरी बायका लेकींना सांगतात, "जा गं, सिंहगडाकडून दळण आण." एकदा दळण घेताना मी त्याला विचारले, या नावाचा राग येत नाही का? पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून तो हसला. म्हणाला, "राग कसला, गुरुजी? नाव राहू द्या. पण शिवनेरी मला तेव्हाही ठाऊक होतं."

मर्कललाही नियम ठाऊक नव्हता असे नाही. जायंट्सचा यष्टिरक्षक म्हणावा असा जॉन मेयर्स म्हातारपणी सांगत असे, की आमच्या संघात सगळ्यांत हुशार डोके मर्कलचे होते. संघाचा व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ हा मोठा तापट माणूस. त्याला 'छोटा नेपोलियन' म्हणत आणि त्याच्या जिभेला हाड नव्हते. पण या पोराला तो एका शब्दाने बोलला नाही. मोसमात आपण डझनभर सामने आपल्या हाताने घालवले, मग एकट्या मर्कलला बोल कशाला, असे त्याचे म्हणणे. खचलेल्या मर्कलने आपल्याला काढून टाका म्हणून विनवले, तेव्हा मॅग्रॉने उलट त्याचा पगार वाढवला, असे सांगतात. पुढे डावपेचांत तो मर्कलचाच सल्ला घेई. शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्या या माणसाला शिक्षक म्हणायला मी तरी एका पायावर तयार आहे.

म्हणून मर्कल टिकला. १९१०पासून तो संघाचा पहिल्या बेसवरचा कायमचा खेळाडू झाला. १९११, १९१२ आणि १९१३ अशी सलग तीन वर्षे जायंट्स लीगचे विजेते झाले. त्यांतल्या १९१२ सालच्या जागतिक मालिकेत नशिबाने त्याच्यापुढे पुन्हा एकदा दार उघडले. १६ ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये शेवटचा सामना होता. नऊ पाळ्यांनंतर बरोबरी, म्हणून दहावी पाळी. त्या पाळीत मर्कलने फटका मारून रेड मरेला घरी आणले आणि जायंट्स २–१ असे पुढे गेले. आता बॉस्टनचे तीन गडी बाद करायचे, बस्स! चार वर्षांचा डाग धुऊन निघायला तीन गडी पुरे होते.

पण फ्रेड स्नॉडग्रासच्या हातून एक सोपा झेल सुटला. पुढच्याच फलंदाजाचा अत्यंत अवघड झेल त्याने घेतला, पण तो आज कोणाला आठवत नाही. मग ट्रिस स्पीकरचा एक उंच उडालेला चेंडू मर्कल, मेयर्स आणि मॅथ्यूसन यांच्या मधोमध पडला. कोणी धरायचा, हे ठरेपर्यंत तो जमिनीवर होता. बॉस्टनने ३–२ असा सामना जिंकला. मर्कलचा विजयी ठरायचा फटका वाहून गेला. या वेळी अपराधी म्हणून स्नॉडग्रासची निवड झाली. पुढे हा स्नॉडग्रास बँकेच्या धंद्यात शिरला, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड शहराचा महापौरही झाला. १९७४ साली तो शहाऐंशी वर्षांचा होऊन वारला, तेव्हा न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने मृत्युवार्तेच्या मथळ्यात काय घातले असेल? तो बासष्ट वर्षांपूर्वीचा सुटलेला झेल!

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून या प्रकाराचे मर्म थोडेसे जाणतो. गोष्ट सांगणाऱ्याला एक निर्णायक क्षण लागतो. तीनशे पानांत आयुष्य बसवायचे, तर ते कुठल्या तरी खुंटीला टांगावे लागते. चुकलेली गाडी, न मिळालेले पत्र, एक अविचारी शब्द. कादंबरीत ही सोय चालते, कारण कादंबरीतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दूध आणायला जायचे नसते. जित्याजागत्या माणसाला जावे लागते. खुंटीला टांगलेले आयुष्य अंगावर घालून तो चारचौघांत जातो.

हा हव्यास इतका मोठा, की १९०९च्या जुलैत लीगचा अध्यक्ष पुलियम याने स्वतःचे आयुष्य संपवले, तेव्हा त्याचे कारणही पुष्कळांनी त्या एका निकालात शोधले. पण तो आधीपासून मनाने ढासळत आला होता आणि त्याच्यामागे काळज्या अनेक होत्या. एका माणसाला त्या दुपारला टांगून लोकांचे समाधान झाले नव्हते, त्यांनी दुसऱ्यालाही टांगले.

मर्कल पुढे १९१६ साली ब्रुकलिनकडे गेला. आणि १९१७पासून चार मोसम तो कोणाच्या संघात खेळला असेल? त्याच शिकागो कब्जच्या! लीग जिंकलेल्या संघांतून तो पाच वेळा जागतिक मालिकेत उतरला: १९११, १९१२, १९१३, १९१६ आणि १९१८. पाचही वेळा त्याचा संघ हरला. नंतर काही वर्षे तो रॉचेस्टरला खेळला आणि १९२५–२६ साली न्यूयॉर्क यँकीजबरोबर राहून त्याने मोठ्या मैदानाचा निरोप घेतला. मग फ्लोरिडातल्या डेटोना बीचला त्याने बिऱ्हाड केले. तिथल्या एका छोट्या संघाचा तो व्यवस्थापक असताना, १९२९ साली मैदानात पुन्हा तोच जुना शब्द कानी आला आणि तो खेळ सोडून चालता झाला, असे सांगतात. पुढे तो मासेमारीच्या सामानाच्या धंद्यात पडला. बेसबॉलवाल्यांच्या मेळाव्यांना तो जात नसे. समुद्रावर जाई. मासे कोणाला टोपणनावे ठेवत नाहीत.

लॉरेन्स रिटर नावाच्या अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाने जुन्या खेळाडूंना गावोगाव हुडकून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. १९६६ साली त्याचे पुस्तक निघाले. त्यात म्हातारा अल ब्रिडवेल भेटतो. त्या दिवशी ज्याच्या फटक्यावर मॅकॉर्मिक घरी पोचला, तोच हा. तो फटका आपण मारलाच नसता, आपणच बाद झालो असतो तर बरे झाले असते, असे तो म्हणतो. म्हणजे फ्रेडच्या वाट्याला आलेली विटंबना तरी टळली असती. जवळजवळ साठ वर्षांपूर्वीचा आपला सर्वांत गाजलेला फटका एक माणूस दुसऱ्यासाठी परत द्यायला निघाला होता. हे वाचले तेव्हा मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. पण ब्रिडवेलचे हे बोलणे छापून आले तेव्हा मर्कल जगात नव्हता.

सुदैवाने तो त्याआधी एकदा पोलो ग्राउंड्सवर जाऊन आला होता. १९५० साली जायंट्सने आपल्या जुन्या खेळाडूंना बोलावले, तेव्हा बरीच मनधरणी झाल्यावर मर्कल आला. एकसष्ट वर्षांचा, केस पिकलेला. बेचाळीस वर्षांपूर्वी ज्या मैदानातून तो पळाला होता, त्याच मैदानात तो चालत आला. त्याचे नाव पुकारले गेले. लोक ओरडले, पण या वेळी ते टाळ्यांसकट ओरडले. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत १९०८ साली शिव्या देणारे फारसे कोणी उरले नसतील. तरी टाळ्या त्या टाळ्याच. २ मार्च १९५६ रोजी डेटोना बीचला तो वारला.

त्याचा हिशेब खेळाच्या वह्यांत नीट मांडलेला आहे. मोठ्या मैदानावर १,६३८ सामने, १,५८० यशस्वी फटके, समोरच्यांचा डोळा चुकवून पळत जाऊन मिळवलेले २७२ बेस. असा प्रत्येक बेस म्हणजे नव्वद फूट जीव तोडून धावणे आणि शेवटी धुळीत झोकून देणे. कपड्यांची चाळण, कोपरे सोललेली. एका संध्याकाळी राहून गेलेली थोडी पावले साऱ्या अमेरिकेने मोजून ठेवली. त्यानंतर अठरा वर्षे तोच माणूस त्याच उन्हात पूर्ण अंतर धावत राहिला. त्या धावण्याचे टोपणनाव मात्र कोणी ठेवले नाही.